ख्यालीखुशालीचा अंक

दसरा होऊन गेला की बीडच्या बाह्यवळणावर ट्रॅक्टर दिसू लागतात. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या. ट्रॉलीत गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, पाण्याचे ड्रम, डालग्यातल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या वर बसलेली माणसं. ऊसतोडीला निघालेली. परवा सकाळी कॉलेजला जाताना अशाच एका ट्रॉलीमागं माझी स्कूटी अडकली. मागच्या फळीशी एक बाई पाय सोडून बसली होती. डोक्याला रुमाल गच्च बांधलेला, ओटीत भुईमुगाच्या शेंगा. निवांत सोलून खात होती. माझ्याकडं बघून ती हसली आणि मूठभर शेंगा पुढं केल्या. चालत्या ट्रॉलीतून चालत्या स्कूटीला शेंगा द्यायच्या कशा, हा प्रश्न आम्हा दोघींनाही एकदमच पडला आणि मग दोघीही हसलो. पुढं रस्ता रुंद झाला, मी गाडी काढली. तिनं हात हलवला, जणू मीच लांबच्या गावाला निघालेय.

कॉलेजात पोचले तर पोरं दारातच. ‘मॅडम, विषय.’ पत्रकारिता विभागात मी तासिकेवर मासिकाची मांडणी शिकवते. तिसऱ्या वर्षाला याच दिवसांत एक काम असतं : दोघादोघांनी मिळून एक मासिक काढायचं. लिहायचं, फोटो काढायचे, पानं लावायची, छापायचं, आणि शिवलेली एक प्रत परीक्षेला ठेवायची. त्यामुळं ट्रॉल्या रस्त्याला लागणं आणि पानं लावायला घेणं या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्रच येतात. हंगाम म्हटलं की कुणाला ज्वारी आठवते, कुणाला कापूस. मला सोळा पानं आठवतात.

मी तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा हा विषय जोगदंड सर शिकवायचे. आधीची कित्येक वर्षं त्यांनी एका दैनिकात पानं लावली होती. कात्री आणि खळीपासून संगणकापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. बोलताना हवेत बोटानं चौकोन आखायची त्यांना सवय होती. पहिल्याच तासाला त्यांनी विचारलं, ‘तुमचा वाचक कोण ते आधी सांगा. अक्षर मग निवडू.’

‘तरुण पिढी, सर.’ ‘कॉलेजच्या मुली, सर.’ ‘क्रिकेटवाले, सर.’ एकेक जण उठून सांगत होता. शेवटच्या बाकावरून मनीषा उठली.

‘माझी आई, सर.’

‘काय वाचते तुझी आई?’

‘तिला वाचता येत न्हाई, सर.’

वर्ग हसला. त्यात वाईट काही नव्हतं, पण हसला. सरांनी खडू ठेवला. ‘कुठं असती?’

‘आत्ता ऊसतोडीला गेलीय. बारामतीच्या पुढं. आई-अण्णा दोघंबी.’

सरांनी खडू पुन्हा उचलला. मग म्हणाले, ‘काढ मग. वाचता न येणाऱ्या बाईसाठी मासिक. कसं काढतीस ते मला बी बघायचंय. हिच्यासंगं कोण हाय?’

माझा हात वर गेला. का गेला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. मनीषाशी तोवर माझी वहीपेनाची देवघेव एवढीच ओळख होती. ती शिरूर कासारच्या आतल्या एका खेड्यातली, कोरडवाहू रानातली. दसरा झाला की अर्धं गाव बाहेर पडतं. लहानपणी ती आईबापाबरोबर ऊसतोडीच्या तळावर जायची, सातवीनंतर वसतिगृहात राहिली. मी मूळची सिरसाळ्याची, पण वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, म्हणून वाढले बीडमध्ये. संध्याकाळी घरात बुद्धवंदना, मग अभ्यास, मग जेवण. ऊस मला माहीत होता तो रसवंतीच्या घुंगरांपुरता.

*

आमच्या वर्गातल्या एकानं लगेच शंका काढली. ‘व्हिडिओ कॉल लाव की. मासिक कशाला पाह्यजे?’

‘लावते की,’ मनीषा म्हणाली. ‘पण तिथं लाईट न्हाई. मुकादमाच्या घरी मोबाईल चार्जिंगला ठिवावा लागतो. रेंज आली तर तोंड दिसतं, न्हाईतर नुसतं गोल फिरतं. आन् कॉल संपला की गाव बी संपतं.’

हे ती काही भांडून बोलली नव्हती. आपल्या घरी पाणी कोणत्या वेळेला येतं ते सांगावं, तसं सांगितलं.

त्या आठवड्यात एकदा आम्ही कॉलेजच्या कँटीनमागं बसलो होतो आणि तिच्या आईचा फोन आला. रेंज चांगली असावी. मनीषानं आवाज मोठा केला. ‘ख्यालीखुशाली सांग,’ आई म्हणाली, आणि मग स्वतःच विचारत सुटली. वेशीतल्या हापशाला पाणी हाय का. गिरणी चालू हाय का बंद. पारापासल्या भाऊसाहेबाच्या दारातलं लिंब तोडणार होते, तोडलं का. त्याच्या शेजारच्या शांताबाईची शेळी व्याली का. मग वळणावरचं घर, मग त्याच्या पुढचं. मी ऐकत होते. ही बाई वेशीतून आत शिरली होती आणि एकेक घर ओलांडत आपल्या दारापर्यंत चालली होती.

फोन ठेवल्यावर मी म्हणाले, ‘मनीषा, अंक असाच लावू. वेशीपासून तुमच्या घरापर्यंत. एक पान, एक घर. पान उलटलं की पुढचं घर.’

ती माझ्याकडं बघत राहिली. ‘आन् नाव?’

‘ते तर आईनंच सांगितलं.’

*

दिवाळीनंतर आम्ही तिच्या गावाला गेलो. शिरूरपर्यंत एसटी, पुढं काळीपिवळी जीप. उतरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. खेडं शांत असतंच, पण ही शांतता वेगळी. गल्लीतून चालताना आपल्याच चपलांचा आवाज येत होता. दाराला कुलूप, दाराला कुलूप, मग एका उघड्या दारात निवडायला घेतलेली डाळ आणि म्हातारी, मग पुन्हा कुलूप. उन्हात तुरीचा वास. कुठल्यातरी बंद घराच्या छपरावर वाळत घातलेली आणि काढायची राहून गेलेली एक लाल ओढणी.

मनीषाचे आजोबा, तात्या, घर आणि शेळ्या सांभाळायला मागं राहिलेले. तोंडात एकही दात नाही, पण हसायला कमी नाही. मी कॅमेरा काढला तसे ते आत गेले आणि टोपी बदलून आले.

आम्ही घरोघर हिंडलो. मागं राहिलेल्यांचे फोटो काढले. जिथं कुणीच राहिलं नव्हतं तिथं दार, अंगण, झाड. बायका मला विचारायच्या, ‘तू कोणाची गं?’ मी नाव-आडनाव सांगायची. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या मनात काय चाललंय ते अशा वेळी डोळ्यांत दिसतं. दोन ठिकाणी ते दिसलं. एका ठिकाणी मनीषानं माझ्या हाताला धरून मला ओट्यावर आपल्याशेजारी बसवलं आणि घरातल्या बाईला म्हणाली, ‘काकू, दोघींना च्या करा.’ काकूंनी केला. चांगला केला होता, आलं घालून. विहाराकडच्या गल्लीतही आम्ही गेलो, कारण कोयता घेऊन जाणारे तिथलेही होते. तिथं माझं आडनाव ऐकून एका आजीनं नात्यांची अशी काही उतरंड लावली की शेवटी मी तिची नात निघाले, आणि निघताना माझ्या पिशवीत तुरीच्या शेंगा भरल्या गेल्या.

मग मुखपृष्ठावरून आमचं बिनसलं.

मी काढलेला एक फोटो मला फार आवडला होता. मनीषाच्याच घराचं दार : निळा उडालेला रंग, कडीला गंजकं कुलूप, त्यावर तिरपं ऊन. काळ्यापांढऱ्यात तर तो इतका देखणा दिसत होता की मी मनातल्या मनात त्याला बक्षीस देऊन टाकलं होतं.

‘हे न्हाई ठेवायचं,’ मनीषा म्हणाली.

‘का? सगळ्यात चांगला फोटो आहे हा.’

‘चांगला हाय. पण आईला कुलूप कावून दाखवायचं? ते तिनंच लावलंय. तात्या मागच्या दारानं येतेत-जातेत.’

‘पण बघणाऱ्याला कळायला पाहिजे ना, गाव रिकामं झालंय ते.’

‘बघणारी आई हाय. तिला माहीत हाय गाव कावून रिकामं हाय ते.’

आम्ही दोन दिवस एकमेकींशी कामापुरतंच बोललो. तिसऱ्या दिवशी मी तो फोटो आणि तात्यांचा फोटो शेजारी शेजारी ठेवला. तात्या ओट्यावर बसलेत, मांडीवर शेळीचं करडू, दोघांचीही तोंडं उघडी. फोटो म्हणून त्यात बरंच कमी होतं. कोपऱ्यात कुणाचा तरी टॉवेल आला होता. पण मी स्वतःला विचारलं, की मी सहा महिने परक्या रानात असते आणि कुणी मला एकच चित्र बघू देणार असतं, तर मी काय मागितलं असतं? त्या दुपारी मुखपृष्ठावर तात्या बसले. टॉवेलही राहिला, कारण मनीषा म्हणाली, तो आईचाच आहे.

*

विभागाच्या संगणक कक्षात पानं लावायचं यंत्र एकच होतं आणि त्यावर सगळ्या वर्गाचा डोळा. वीज गेली की केलेलं काम जायचं. अक्षरांचं तर विचारू नका. एका संगणकावर लिहिलेलं दुसऱ्यावर उघडलं की जोडाक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे. ‘ख्यालीखुशाली’तला ‘ख्या’ रोज फुटायचा. मनीषा तो रोज जोडायची, पंक्चर काढल्यासारखा.

सोळा पानं शिवायची तर कागद घडीचा, आणि एका घडीवर चार पानं. पहिल्या पानाच्या कागदावरच शेवटचं पान असतं. हे गणित शिकायला आम्हाला वेळ लागला. आम्ही कागदाच्या लहानशा वह्या दुमडून त्यांवर आकडे घालत बसायचो, उघडून बघायचो आणि गिरणीच्या पाठीमागं शाळा निघायची. मधली दोन पानं तेवढी सलग मिळतात, एकाच कागदावर. तिथं आम्ही पाण्याच्या टाकीवर चढून काढलेला सगळ्या गावाचा फोटो घातला. दोन्ही बाजूंच्या गल्ल्या, पार, विहार, शाळा, ओढा, सगळं एका नजरेत. मजकूर थोडा, अक्षर मोठं : ज्याला येतं त्यानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं.

सरांनी कच्चा अंक बघितला. ‘जाहिराती कुठायत? मासिक जाहिरातीवर चालतं.’

दुसऱ्या दिवशी मनीषानं शेवटच्या आतल्या पानावर जाहिराती लावून आणल्या. ‘शांताबाईची शेळी व्याली, दोन पाटी एक बोकड, बोकड विकणे आहे.’ ‘गिरणी मंगळवारी बंद, पट्टा तुटला.’ ‘कुणाचा तरी कोंबडा आमच्या दारात झोपायला येतो, ओळख पटवून घेऊन जावा. तात्या.’

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

*

अंक छापून, घडीवर दोन टाचण्या मारून हातात आला तेव्हा परीक्षेला थोडे दिवस होते. ‘आधी आईला दाखवू,’ मनीषा म्हणाली. ‘एका रात्रीचा तर प्रश्न हाय.’

मी घरी विचारलं. आई काळजीत पडली. पप्पा पेपरातून डोकं न काढता म्हणाले, ‘जाऊ दे. पोचल्यावर फोन कर म्हणावं.’ आईनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. इतकी, की पुढं ती अर्ध्या तळानं खाल्ली.

पहाटेची एसटी, नगर, दौंड, बारामती, मग उसाच्या रानातून जाणारी एक सहाआसनी रिक्षा. दोन्ही बाजूंना हिरवं एवढं, की मला सतत आपण चुकीच्या देशात उतरलोय असं वाटत होतं. कारखान्याचा गोडसर, आंबूस वास कपड्यांत शिरला. तळ म्हणजे उघड्या रानात ओळीनं उभ्या केलेल्या कोप्या : बांबू, चटया, वर प्लास्टिक. चुलींचा धूर, वाढ्याचे, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचे भारे, बांधलेले बैल. टोळी नुकतीच रानातून परतली होती. मनीषा ओळीकडं बघत एक क्षण थांबली. ‘लहान असताना लई मोठ्या वाटायच्या कोप्या,’ म्हणाली, आणि पळत सुटली.

तिची आई, कांतामावशी, चुलीपुढं होती. अंगभर उसाची कुसळं, हात काळे. मनीषाला मिठी मारायची तर हात बाजूला धरूनच. माझ्याकडं वळून म्हणाली, ‘हीच का ती पुस्तकवाली? ये, आधी पाणी पी.’

हात धुतल्यावर मनीषानं अंक तिच्या मांडीवर ठेवला. मावशीनं आधी तात्यांना बघितलं. अंगठ्यानं त्यांच्या टोपीवरून हात फिरवला. मग पान उलटलं. वेस. हापसा. ‘पाणी हाय की,’ ती म्हणाली. पुढचं पान, गिरणी. पुढचं. तोवर आजूबाजूच्या बायका जमल्या. दहावीपर्यंत शिकलेली एक नवी नवरी होती, ती खालच्या ओळी मोठ्यानं वाचू लागली. मावशी मात्र वाचणारीसाठी थांबत नव्हती. पारापाशी आल्यावर पानावर हात तसाच ठेवून ती म्हणाली, ‘आता भाऊसाहेबाचं लिंब येणार.’

पान उलटलं. लिंब आलं.

‘आता शांताचं दार.’

आलं.

मी मनीषाकडं बघितलं नाही. तिनंही माझ्याकडं बघितलं नाही. आम्ही दोघी त्या अंकाकडं बघत होतो, जो आमच्या देखत कुणीतरी पहिल्यांदा खरोखर वाचत होतं.

शेवटच्या पानापर्यंत पोचून मावशी मागं टेकली आणि मग तळाला वाचा फुटली. ‘माझं घर दावा.’ ‘माझ्या सासूचा फोटू हाय का त्यात?’ ‘पोरगं किती वाळलंय बघ माझं.’ ‘वाळलं न्हाई, उंच झालंय.’ अंक एका हातातून दुसऱ्या हातात गेला. शांताबाईची सून पान धरून बसली, सोडीचना. ‘मावशे, हे पान मला दे.’

‘घे की,’ मावशी म्हणाली, आणि पदराची पिन काढून तिच्या टोकानं अंकाची पहिली टाचणी उचकली.

मी हात आडवा घातला. ‘अहो मावशी, परीक्षेला द्यायचाय तो! एकच प्रत आहे!’

सगळ्या थांबल्या. मावशीनं मनीषाकडं बघितलं. मनीषा चुलीकडं बघत होती. ओलं लाकूड फुसफुसत होतं. मग ती म्हणाली, ‘काढ आई दुसरी बी टाचणी. आपण पुन्हा छापू. होय ना गं?’

मला होय म्हणायचं नव्हतं. तरी मी होय म्हणाले.

अंकाचे कागद सुटले आणि नवीनच पेच उभा राहिला. एका कागदावर चार पानं. म्हणजे शांताबाईच्या सुनेला आपलं दार न्यायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी अंगण त्याच्याबरोबर जाणार. घडीवर कोयत्याची धार फिरवून कागद दोन केले. पण पाठपोट असलेल्या पानांचं काय? दोन जावांची घरं एकाच पानाच्या दोन बाजूंना आली होती, आणि त्या दोघी हंगामाच्या सुरुवातीपासून एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींनीही पानाचं एकेक टोक धरलं.

‘आठ दिस तू ठेव, आठ दिस ती ठेवंल,’ मावशीनं निवाडा केला.

‘न्यायला मीच येणार,’ एक जाऊ म्हणाली.

‘ये की. कोण नको म्हनलं?’ दुसरी म्हणाली. बस, तेवढ्यावर त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आमच्या अंकाची ही एक जमेची बाजू परीक्षेत सांगता आली नाही.

सगळ्या गावाचा फोटो असलेला मधला कागद मात्र कुणी कापू दिला नाही. त्याच्या पाठीवर गिरणी आणि शाळा होती, त्यांच्यावर कुणाचा हक्क नव्हता. मनीषाचे वडील, अण्णा, तोवर बैलांपाशीच उभे होते. कमी बोलणारा माणूस. ते आले, तो कागद घेतला आणि तळाच्या मधोमध असलेल्या बाभळीच्या खोडाला सुतळीनं नीट बांधला. मग दोन पावलं मागं सरून बघितला. शेजारच्या टोळीचा मुकादम तिकडून चालला होता. त्यानं विचारलं, ‘हे काय लावलंय? कुणी काढलं?’

‘आमच्या पोरींनी,’ अण्णा म्हणाले.

त्यांनी ‘पोरीनं’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

*

जेवण झाल्यावर बायका म्हणू लागल्या, ‘आमचं बी लिवा की. तिकडं दावा तात्यांना, पोरास्नी.’ मग दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, उसाच्या फडात आणि कोपीत, आम्ही त्यांचे फोटो काढले. ऊस तोडताना नको म्हणाल्या; मोळी बांधून झाल्यावर, केस सारखे करून, हसत. दोघी जावांनी तर शेजारी शेजारी उभं राहून काढून घेतला. फोटोंना त्यांनी स्वतःच ओळी दिल्या. ‘सांगा, तब्येत बरी हाय.’ ‘सांगा, गुऱ्हाळावर जाऊन रस पेलो.’ ‘सांगा, शाळा चुकवू नको.’

सोमवारी सरांनी विचारलं, ‘अंक?’

‘वाटला, सर,’ मनीषा म्हणाली.

सगळं ऐकून सर म्हणाले, ‘एवढी वर्षं पानं लावली मी. दुसऱ्या दिवशी त्यात भजी बांधलेली बघितली. कुणी पान मागून घेतलं असं काही बघितलं न्हाई.’ आणि मग लगेच, हवेत चौकोन आखत, ‘पण परीक्षा हाय. नवा अंक कसा करणार?’

नवा अंक दोन तोंडांचा केला. पुढून उघडला तर गाव, तळावरच्यांसाठी. उलटा फिरवून मागून उघडला तर तळ, गावातल्यांसाठी. मागच्या मुखपृष्ठावर कांतामावशी, चुलीपुढं. दोन्ही बाजू मधोमध भेटत. पानं वाढली, रात्रीचं जेवण विसरू लागलो, ‘ख्या’ आणखी दोनदा फुटला. छापून झाल्यावर मनीषा आधी तात्यांना दाखवून आली. त्यांनी म्हणे सुनेचा फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं : ‘वाढं लई दिसायलंय तिथं. बैलांची चंगळ हाय.’

या वर्षीच्या पोरांना मी हे सगळं सांगत नाही. त्यांचे मासिकाचे विषय निराळे, हत्यारं निराळी. फोनवरसुद्धा पानं लावतात. मी एवढंच विचारते, की तुमचा वाचक कोण. बरेच जण अजूनही ‘तरुण पिढी’ म्हणतात. मी थांबते. कधी कधी एखादं पोरगं घटकाभरानं परत उठतं आणि एका माणसाचं नाव घेतं. त्या दिवशी मला बरं वाटतं. मनीषा आता संभाजीनगरला एका दैनिकात पानं लावते. मावशी-अण्णांनी तोडीला जाणं गेल्या काही वर्षांत थांबवलंय. गुडघे ऐकत नाहीत, आणि मनीषाही ऐकत नाही. आम्ही पुढच्या दोन हंगामांत आणखी तीन अंक काढले. मग नोकऱ्या लागल्या आणि ते राहून गेलं. त्याची हळहळ आहे, पण फार नाही. जे काढले ते लोकांनी ठेवून घेतले.

आमच्या परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी तो दोन तोंडांचा अंक उघडला. समास सारखे नाहीत, म्हणाल्या. मजकूर फार कमी आहे. एका पानावर रंग उडालाय. तीनही गोष्टी खऱ्या होत्या. मग त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘वाचता न येणाऱ्यांसाठी केलाय म्हणता. जमला हे कशावरून म्हणायचं?’

मी उत्तराची जुळवाजुळव करत होते. मनीषा म्हणाली, ‘पहिला अंक त्यांनी माघारी दिलाच न्हाई, मॅडम.’

मॅडमनी चष्मा वर सरकवला. त्यांनी अंक उलटा फिरवला आणि दुसऱ्या बाजूनं, पहिल्यापासून बघायला सुरुवात केली. बाहेर पुढची जोडी ताटकळत होती.

आम्ही व्हरांड्यात आलो. माघ संपत आलेला, उन्हाला धार चढू लागलेली. मनीषानं आईला फोन लावला आणि मध्ये धरला.

‘पास झाली का?’ मावशीचा आवाज आला. मागं कुठंतरी ट्रॅक्टर सुरू होता.

‘निकाल कुठाय अजून?’

‘मंग फोन कावून केला?’

‘असाच.’

‘ती पुस्तकवाली हाय का संगं? तिला दे.’

मी जवळ सरकले. ‘बोला मावशी.’

‘जेवलीस का?’

‘जेवणार आता.’

‘जेव आधी. आन् ऐक. पलीकडच्या तळावर दुसऱ्या गावच्या बाया हायत. बाभळीवरलं आमचं गाव बघून गेल्या. त्या विचारायल्यात, आमच्या गावाला कवा येती म्हणाव ती पोरगी.’

मी मनीषाकडं बघितलं. तिनं खांदे उडवले, पण हसू लपत नव्हतं.

‘कोणतं गाव, मावशी?’ मी विचारलं.

‘थांब,’ ती म्हणाली, आणि फोन बाजूला धरून रानातल्या कुणालातरी मोठ्यानं हाक मारली.